घर देताना अंतर मोजा : एक खुलं पत्र

प्रति,
शहरांचे विकास आराखडे करणारे, घरकुलांच्या जागा ठरवणारे आणि रोजगाराची धोरणं आखणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी

विषय : घर ते कामाचं ठिकाण हे अंतर बेरोजगारीच्या हिशेबात धरण्याबाबत

स.न.वि.वि.

हे पत्र मुद्दाम दोन खात्यांना एकत्र लिहिते आहे. घरं कुठे बांधायची हे एक खातं ठरवतं आणि बेकारांचं काय करायचं ते दुसरं. दोघांचे मंत्री वेगळे, इमारती वेगळ्या, फायली वेगळ्या. माणूस मात्र एकच असतो. पहिल्या खात्याने जिथे घर दिलं तिथे तो राहतो आणि तिथून निघून दुसऱ्या खात्याच्या रांगेत येऊन उभा राहतो. मधलं अंतर कोणाच्या फायलीत आहे, असं विचारलं तर दोन्ही टेबलांवरून दुसरीकडे बोट दाखवलं जातं.

तसं ते अंतर एका ठिकाणी अगदी मिनिटांच्या हिशेबात लिहिलेलं सापडतं. जर्मनीत बेकारभत्ता घेणाऱ्याने कोणतं काम ‘लांब पडतं’ म्हणून नाकारू नये, याचा नियम कायद्यातच आहे. दिवसाचं काम सहा तासांहून जास्त असेल, तर जाऊन-येऊन अडीच तासांचा प्रवास वाजवी धरला जातो. ब्रिटनमध्ये एका बाजूला दीड तास. स्वित्झर्लंडमध्ये तर एका बाजूला दोन तासांपर्यंतचा प्रवास मान्य करावा लागतो. थोडक्यात, अंतर मोजणं सरकारांना चांगलं जमतं. बेकार माणसाने किती लांब जायला हवं हे ठरवायची वेळ आली की फूटपट्टी बाहेर निघते. त्याच माणसासाठी घरं बांधताना ती कपाटात असते. माझी तक्रार एवढीच आहे, आणि पुढचं पत्र ती सविस्तर मांडण्यासाठी आहे.

माझं काम नोकरी शोधणाऱ्यांना अर्ज भरून देण्याचं, बायोडाटा नीट करून देण्याचं, मुलाखतीची थोडी तयारी करून घेण्याचं. त्यामुळे एक गोष्ट मी फार जवळून बघते. कमी पगाराच्या कामाच्या मुलाखतीत अर्ज हातात घेणारा सुपरवायझर आधी शिक्षणाचा रकाना बघत नाही, अनुभवाचाही नाही. अर्ज उलटा करून तो पत्ता बघतो. मग विचारतो, “इतक्या लांबून जमेल का येणं-जाणं?” समोरचा म्हणतो, “जमेल.” दुसरं काय म्हणणार? सुपरवायझर मान हलवतो, “कळवतो” म्हणतो, आणि पुढच्याला आत बोलावतो. कुणी कुणाचा अपमान केलेला नसतो. आवाजही चढलेला नसतो. फक्त त्या वस्तीतल्या माणसाला फोन येत नाही.

हा अनुभव माझ्या एकटीचा असता, तर एवढ्यावर पत्र लिहिलं नसतं. वॉशिंग्टन डी.सी.मध्ये एका अर्थशास्त्रज्ञाने कमी पगाराच्या जागांसाठी बनावट अर्ज पाठवून पाहिले. अर्जदार काल्पनिक आणि पात्रता सारखीच, फरक पत्त्याचा. लांबच्या पत्त्यांना मालकांकडून कमी फोन आले. वस्ती गरीब पण कामाजवळची असेल, तर तसा तोटा दिसला नाही. खटकत होतं ते अंतर.

मालकांची बाजूही सांगते, कारण ती खोटी नाही. लांबून येणारा माणूस दमून येतो, उशिरा येतो, जास्त दांड्या मारतो. जर्मनीतल्या कामगारांच्या अभ्यासातून असा अंदाज निघाला, की सगळ्यांचाच प्रवास नगण्य झाला तर गैरहजेरी १५ ते २० टक्क्यांनी कमी होईल. म्हणजे सुपरवायझर पत्ता बघतो तेव्हा तो दुष्टपणा करत नसतो, आपली शिफ्ट सांभाळत असतो. पण तो पत्ता त्या माणसाने हौसेने निवडलेला नसतो. बऱ्याचदा तो तुम्ही दिलेला असतो.

ही विभागणी मुळात झाली कशी? विकास आराखड्याचा नकाशा समोर धरला की पिवळ्या रंगात निवासी भाग दिसतो, जांभळ्यात औद्योगिक, आणि मध्ये रस्त्यांच्या रेषा. हे रंग एकमेकांत मिसळू नयेत, ही आधुनिक नगररचनेची जुनी शिस्त आहे. अमेरिकेत १९२६ साली क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा विभागणीला मान्यता दिली. त्या निकालपत्रात स्वतंत्र बंगल्यांच्या भागात येणाऱ्या अपार्टमेंट इमारतीला चक्क ‘परजीवी’ म्हटलं आहे. सात वर्षांनी, १९३३ साली, मार्सेहून अथेन्सला निघालेल्या जहाजावर युरोपातल्या नव्या विचारांच्या वास्तुरचनाकारांची परिषद भरली आणि शहराची चार कामं ठरली : राहणं, कमावणं, विरंगुळा आणि येणं-जाणं. प्रत्येकाची जागा वेगळी. त्या काळी यात शहाणपण होतं. कारखान्याच्या धुराड्याखाली मुलं वाढवू नयेत, याबद्दल कोण वाद घालणार?

आज परिस्थिती काय आहे? कमी शिकलेल्या माणसाला मिळणारं काम आता धुराड्याखाली फारसं नसतं. ते दुकानात असतं, इस्पितळात, हॉटेलात, ऑफिसच्या साफसफाईत, दुसऱ्याच्या घरी म्हाताऱ्या माणसाची देखभाल करण्यात असतं. नाहीतर शहराबाहेर महामार्गालगतच्या गोदामात पॅकिंग आणि लोडिंगला. धूर गेला, रंग मात्र तसेच राहिले. त्यात नवी भर पडली ती जमिनीच्या भावाची. स्वस्त घरं बांधायची तर स्वस्त जमीन हवी. स्वस्त जमीन लांब असते. आणि ती स्वस्त असते ती तिथून कुठेही पोहोचता येत नाही म्हणूनच. हा व्यवहार तुमच्या ताळेबंदात बचत म्हणून दिसतो. खरं तर तो खर्च राहणाऱ्याच्या खिशात सरकवलेला असतो, आणि तो त्याला रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं फेडावा लागतो.

शहरी अर्थशास्त्राची जी मांडणी १९६० च्या दशकात विल्यम अलोन्सो आणि त्यांच्यानंतरच्यांनी रुजवली, तिचा गाभा सोपा आहे : माणूस भाडं आणि प्रवास यांचा सौदा करतो. लांब राहिलं तर भाडं वाचतं, वेळ जातो. जवळ राहिलं तर उलट. नोकरी असलेल्या माणसाबद्दल हे बऱ्यापैकी खरं आहे. पण बेकार माणूस हा सौदा करणार कसा? त्याचं कामाचं ठिकाण अजून ठरायचंय. नोकरदाराला एका ठिकाणाच्या जवळ राहायचं असतं. बेकाराला एकाच वेळी अनेक ठिकाणांच्या जवळ असावं लागतं, कारण त्यांपैकी कुठलं लागेल हे त्याला माहीत नसतं. शहराच्या कडेला राहणाऱ्याला एखादं काम जवळ असेलही. पण दहा ठिकाणी विचारून बघण्याची सोय त्याला नसते. माझ्या मते या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते.

विचारून बघणं म्हणजे काय, हेही सांगायला हवं. साधी पॅकिंगची नोकरी घ्या. जाहिरात बघून फोन केला, तर “येऊन भेटा” म्हणतात. भेटायला गेलं तर साहेब नसतात, उद्या या. मग मुलाखत. मग मूळ कागदपत्रं घेऊन या. मग कुठे वैद्यकीय तपासणी, कुठे एक दिवस ‘ट्रायल’. यांतल्या कुठल्याही फेरीचा पैसा मिळत नाही, आणि शेवटी नोकरी मिळेल याची खात्री नसते. जवळ राहणारा या फेऱ्या दुपारच्या सवडीत उरकतो. दोन बस बदलून येणाऱ्याचा प्रत्येक फेरीला एक दिवस जातो, म्हणजे त्या दिवशीची हातातली रोजंदारीही जाते. म्हणून तो फेऱ्या कमी करतो. हळूहळू अर्जही जवळपासचेच करतो. मग ‘ही मंडळी मनापासून शोधतच नाहीत’ असा शेरा कुठल्यातरी अहवालात उमटतो.

आणि नोकरी लागल्यावर? आठ तासांच्या कामासाठी येऊन-जाऊन चार तास लागत असतील, तर तो माणूस बारा तास विकून आठ तासांचे पैसे घेतो. तासाचा दर एका फटक्यात दोन तृतीयांशावर आला. वरून बसचं भाडं पगार बघून ठरत नाही. मॅनेजरला आणि झाडूवाल्याला तिकीट एकच. घरी राहिलेलं परवडलं, असं कुणी म्हणालं तर तो आळशीपणा नसतो, हिशेब असतो.

दंगली झाल्या की सरकारांना हा विषय आठवतो. १९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात मोठा उद्रेक झाला. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने इतर कारणांबरोबर अपुऱ्या आणि महागड्या बससेवेकडेही बोट दाखवलं. तिथल्या रहिवाशांना काम शोधणं आणि टिकवणं त्यामुळे अवघड जात होतं. तीन वर्षांनी, १९६८ साली, जॉन केन या अर्थशास्त्रज्ञाने डेट्रॉइट आणि शिकागोच्या आकडेवारीवरून हेच नेमकेपणाने मांडलं : कृष्णवर्णीयांना शहराच्या ठरावीक भागांत कोंडून ठेवलं होतं आणि नोकऱ्या उपनगरांकडे सरकत होत्या. या बेमेळावर त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं अभ्यास चालू आहेत.

याउलट १९८१ साली ब्रिटनमध्ये ब्रिक्स्टन आणि टॉक्स्टेथच्या दंगलींनंतर रोजगारमंत्री नॉर्मन टेबिट पक्षाच्या अधिवेशनात म्हणाले, की त्यांचे वडील तिशीच्या दशकात बेकार होते, पण त्यांनी दंगल केली नाही. त्यांनी सायकल काढली आणि काम शोधलं. टाळ्या मिळाल्या असतील. पण सायकल काढून जाता येईल इतक्या अंतरावर काम असणं, ही त्या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची बाब होती, आणि तिचं श्रेय वडिलांच्या जिद्दीला नाही, शहराच्या रचनेला जातं.

तुम्ही म्हणाल, बससेवा तर आहे. नकाशावर थांब्याभोवती चारशे-पाचशे मीटरचं वर्तुळ काढायचं आणि त्यात वस्ती आली की ‘सेवा उपलब्ध’ अशी खूण करायची, ही पद्धत ठाऊक आहे. वर्तुळ कंपासने काढलेलं असतं. माणूस चालतो तो रस्त्याने. मध्ये भिंत, रेल्वेमार्ग किंवा दुभाजकाचा महामार्ग आला की पाचशे मीटरचे दीड किलोमीटर होतात. थांबा असला तरी बस किती वेळाने येते हे वर्तुळ सांगत नाही. पहिली बस किती वाजता, हे तर नाहीच. सकाळी सहाची शिफ्ट आणि पहिली बस पावणेसहाला, अशी स्थिती असेल तर त्या वस्तीसाठी ती नोकरी अस्तित्वातच नाही.

अमेरिकेतल्या ब्रुकिंग्ज संस्थेने २०११ साली तिथल्या शंभर मोठ्या महानगरांसाठी दोन्ही गोष्टी मोजल्या. जवळपास ७० टक्के रहिवाशांच्या वस्तीला बस किंवा रेल्वेची सोय होती. पण सरासरी रहिवाशाला सार्वजनिक वाहनाने दीड तासात पोहोचता येतील अशा नोकऱ्या महानगरातल्या एकूण नोकऱ्यांच्या फक्त ३० टक्के. त्यातही जास्त कौशल्याच्या क्षेत्रांतल्या नोकऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश आवाक्यात होत्या, मध्यम-कमी कौशल्याच्या नोकऱ्यांपैकी फक्त एक चतुर्थांश. म्हणजे ज्याला बसची जास्त गरज, त्याचीच नोकरी बसपासून जास्त लांब. आकडे तिथले आहेत, पण ७० आणि ३० मधली ही दरी कुठल्याही शहराने आपल्यापुरती मोजून बघावी.

आता रोजगार खात्याकडे वळते. तुमच्या व्याख्येप्रमाणे बेकार म्हणजे ज्याला काम नाही, जो कामासाठी उपलब्ध आहे आणि जो काम शोधतो आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या चौकटीतून आलेली ही व्याख्या बहुतेक देश वापरतात. यातली तिसरी अट बघा. फेऱ्या परवडत नाहीत म्हणून ज्याने शोधणं थांबवलं, तो बेकारांच्या आकड्यातून गळतो. तो ‘श्रमशक्तीबाहेर’ जातो. अंतर जितकं जास्त, तितके शोधणारे कमी, आणि तितका तुमचा दर सुबक. घरं लांब नेल्याने बेकारी वाढते आणि नोंदीत ती कमीही दिसू शकते, हा चमत्कार या एका अटीमुळे घडतो.

दक्षिण आफ्रिका याला अपवाद म्हणून घेण्यासारखी आहे. १९५० च्या समूह क्षेत्र कायद्याने तिथे कोणत्या वंशाच्या लोकांनी कुठे राहायचं हे सरकारने ठरवलं आणि लाखो माणसांना शहरांच्या कडेला लोटलं. १९९४ नंतर कायदे गेले, पण गरिबांसाठीची नवी सरकारी घरंही मोठ्या प्रमाणात कडेच्याच स्वस्त जमिनींवर उभी राहिली. मात्र तिथलं सांख्यिकी खातं बेकारीचा दर दोन प्रकारे जाहीर करतं : एक नेहमीच्या व्याख्येने, दुसरा शोध सोडून दिलेल्यांनाही धरून. अलीकडच्या वर्षांत पहिला ३० टक्क्यांच्या वर राहिला आहे आणि दुसरा ४० च्या वर. एवढी मोठी तफावत सगळी अंतरामुळे आहे असं मी म्हणत नाही. पण ती निदान दिसते तरी.

बायकांच्या बाबतीत ही गळती आणखी गुपचूप होते. मुलाला शाळेत सोडायचं, परतताना घ्यायचं, मध्ये घरातल्या आजारी माणसाचं बघायचं, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात बसेल एवढ्याच अंतरावरचं काम शोधायचं. फ्रान्समधल्या बेकारांच्या सरकारी नोंदींवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की कमी प्रवासाच्या बदल्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त पगार सोडायला तयार होतात. शिक्षण, अनुभव वगैरे बाजूला काढल्यावर स्त्री-पुरुष वेतनात जी तफावत उरते, तिच्यातला सुमारे १४ टक्के भाग एवढ्याने उलगडतो. लाहोरमधल्या एका प्रयोगात तर कामावर नेण्या-आणण्यासाठी फक्त स्त्रियांसाठीचं वाहन देऊ केल्यावर स्त्रियांचे नोकरीअर्ज दुपटीहून अधिक झाले. तीच सोय स्त्री-पुरुषांना मिळून दिली तेव्हा फारसा फरक पडला नाही. किलोमीटर तेवढेच होते. तेव्हा ‘बायकाच बाहेर पडायला तयार नसतात’ हे वाक्य आपापल्या बैठकांतून काढून टाकावं, ही विनंती.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो : आता सगळं ऑनलाइन झालंय, घरबसल्या अर्ज करता येतो, अंतराचं काय घेऊन बसलात? अर्ज करायला बस लागत नाही, हे कबूल. पण माणूस अर्ज करतानाच रोज जाण्याचा विचार करतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या नोकरीच्या संकेतस्थळावरचे अर्ज तपासले, तेव्हा दहा मैलांवरच्या नोकरीला अर्ज होण्याची शक्यता घराजवळच्या नोकरीपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी निघाली. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष माझ्या म्हणण्याला थोडा अडचणीचा आहे, तोही सांगते. सगळ्या बेकारांना नोकऱ्यांच्या दृष्टीने आदर्श ठिकाणी नेऊन ठेवलं, तरी एकूण बेकारी सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होईल असा त्यांचा हिशेब आहे. म्हणजे दर शंभर बेकारांमागे पाच. मागणीच नसेल तर जवळ राहूनही नोकरी मिळत नाही, हे उघड आहे. पण हा हिशेब सरासरीचा आहे, आणि ज्या देशात बहुतेक घरांत मोटार आहे तिथला आहे. तिथेच मोठ्या कपातीत नोकरी गमावलेल्या कामगारांचा मागोवा घेतला, तेव्हा कमी पगाराच्या लोकांमध्ये ज्यांच्या घरापासून पोहोचता येतील अशा नोकऱ्या जास्त होत्या त्यांना पुन्हा काम लवकर मिळालं. सरासरीत बुडून जातात ते नेमके हेच लोक.

मग बसचा पास फुकट द्यावा का? थोड्या काळापुरतं याने काम होतं. इथिओपियातल्या आदिस अबाबात शहराच्या कडेच्या बेकार तरुणांना मध्यवर्ती भागात जाण्यापुरतं भाडं देऊन पाहिलं. त्यांचा शोध वाढला आणि चांगल्या, कायमच्या नोकऱ्या मिळण्याचं प्रमाणही वाढलं. दरम्यान हंगामी कामं त्यांनी कमी केली, जे मला फार बोलकं वाटतं. पैसे हातात नसले की माणूस मिळेल ते काम धरतो आणि चांगल्या कामाचा शोध तिथेच थांबतो. पण त्याच शहरातल्या पुढच्या प्रयोगात चार वर्षांनी पाहिलं, तर नुसतं भाडं दिलेल्यांच्या कमाईत फरक उरला नव्हता. अर्ज कसा करावा, आपली कौशल्यं कशी दाखवावी याचं प्रशिक्षण मिळालेल्यांच्या कमाईत मात्र तो टिकला होता. तेव्हा पास द्या, पण पास दिला म्हणजे प्रश्न मिटला असं जाहीर करू नका.

माणसांनाच उचलून दुसरीकडे न्यावं, हा उपायही झाला आहे. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत हजारो गरीब कुटुंबांपैकी काहींना सोडतीने कमी गरीब वस्त्यांत राहण्यासाठी भाड्याची मदत दिली. मोठ्यांच्या रोजगारात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. लहानपणी गेलेल्या मुलांचं पुढे भलं झालं, ही मोठी जमेची बाजू. अहमदाबादमध्ये १९८७ साली झोपडवस्तीतल्या कुटुंबांना सोडतीने शहराच्या कडेला चांगली घरं मिळाली. चौदा वर्षांनी पाहिलं, तेव्हा घर चांगलं झालं होतं पण कुटुंबाच्या उत्पन्नात फरक नव्हता. सोडत लागलेल्यांपैकी ३४ टक्के तिथे कधी राहायलाच गेले नाहीत आणि ३२ टक्के जाऊन नंतर सोडून आले. मेक्सिकोत २०१० च्या जनगणनेत सुमारे पन्नास लाख घरं रिकामी सापडली. त्यांत गृहकर्जाच्या लाटेत शहरांपासून दूर उभ्या राहिलेल्या वसाहतींचा वाटा मोठा होता. माणसं चांगलं घर टाकून का परततात, हे विचारायला सर्वेक्षणाची गरज नाही. जुन्या वस्तीत शेजारीण कुणाकडे तरी कामाला असते आणि तिथे आणखी एक बाई हवी असल्याचं तीच सांगते. बॉस्टनमधल्या अभ्यासात एकाच ब्लॉकवर, म्हणजे चार रस्त्यांमधल्या घरांच्या एकाच गटात, राहणारी माणसं एकाच ठिकाणी कामाला असण्याची शक्यता शेजारच्या ब्लॉकपेक्षा ३३ टक्क्यांहून अधिक निघाली, ती अशा ओळखींमुळेच. पुनर्वसनात भिंती आणि छप्पर नवं मिळतं, ही ओळख मोजदादीतच नसते.

तर मागणी काय, ती सांगते.

गरिबांसाठीच्या कुठल्याही गृहप्रकल्पाला मंजुरी देताना एक तक्ता सक्तीचा करा. त्या दारापासून चालत आणि सार्वजनिक वाहनाने एका तासात किती नोकऱ्यांपर्यंत पोहोचता येतं, हे त्यात लिहा. पहाटेच्या शिफ्टसाठी वेगळं, रात्री दहाला सुटणाऱ्यांसाठी वेगळं. मध्ये गाडी बदलणं, थांब्यावरचा खोळंबा आणि तिकीटखर्च धरून. बसची वेळापत्रकं आता संगणकात असतात, नोकऱ्या कुठे आहेत याचा अंदाज कर आणि विमा नोंदींतून निघतो. अवघड काही नाही. पर्यायी जागेसाठीही तोच तक्ता करा आणि शेजारी ठेवा. मग स्वस्त जमीन किती महाग आहे ते मांडणीतच दिसेल. हा आकडा एका ठरावीक मर्यादेखाली असेल तर तिथे घरं बांधूच नका. मर्यादा कोणती, यावर हवा तेवढा वाद घाला, मला चालेल.

निवासी पट्ट्यात लहान कार्यशाळा, दुकानं, पाळणाघरं, दवाखाने यांना आडकाठी करू नका. आणि स्थानकांभोवतीची जमीन वाहनतळ आणि आलिशान टॉवरना देऊन टाकू नका. याबद्दल इतकं बोलून झालंय की मी पुन्हा बोलत नाही.

वाहतुकीचा पैसा कुठून आणायचा, तर फ्रान्सकडे बघा. तिथे १९७१ पासून आधी पॅरिस परिसरात आणि मग इतर शहरांत मालकांकडून पगारपत्रकावर वाहतूक कर घेतला जातो. आज तो अकरा किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागू आहे. ही वाट मला दुसऱ्या एका वाटेपेक्षा बरी वाटते. मालकाने ज्याच्या त्याच्या प्रवासाचा भत्ता द्यावा, असं ठरवलं की दिसायला कामगाराचं भलं होतं, पण लांबून येणारा मालकाला महाग पडतो आणि सुपरवायझर अर्ज आणखी लवकर उलटा करतो. कर सगळ्यांवर सारखा असला की कोण कुठून येतो याच्याशी मालकाला देणंघेणं उरत नाही. जमलं तर पहिल्या फेरीच्या अर्जावरून पूर्ण पत्त्याचा रकानाच काढून टाका. फोन नंबर पुरेसा आहे.

रोजगार खात्याला दोन गोष्टी. शोध सोडून दिलेल्यांचा दर नेहमीच्या दरासोबत, त्याच पानावर, वस्तीवार छापा. आणि ‘लांब पडतं म्हणून नाकारलं’ या कारणासाठी कुणाचा भत्ता थांबवण्याआधी त्या माणसाचा प्रवास तुमच्या अधिकाऱ्याने एकदा करून बघावा. मोटारीने नाही. त्याच बसने, त्याच वेळी.

पुढच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवाल तेव्हा रंगीत नकाशासोबत वर म्हटलेला तक्ताही जोडावा. तो नसेल तर तो नाही, एवढीच आमची पहिली हरकत असेल, आणि सुनावणीला आम्ही सगळे येऊ. फक्त सुनावणीची वेळ शेवटच्या बसच्या आधीची ठेवा.

कळावे,

आपली,
नोकरी शोधणाऱ्यांसोबत काम करणारी एक नागरिक